डॉक्टरांना हात धुवायला सांगितलं म्हणून वेड्यात काढलं, पण त्याच डॉक्टरमुळे लाखो बाळंतिणी वाचल्या

२० मार्च २०२०. कोरोना नुकताच येऊन धडकला होता. जनता कर्फ्यूला दोन दिवस बाकी होते आणि मेडिकलमधून सॅनिटायझरच्या बाटल्या गायब झाल्या होत्या. त्या दिवशी ज्यांनी गुगल उघडलं त्यांना एक टकलू, मिशीवाला डॉक्टर दिसला. सोबत हात कसे धुवायचे हे दाखवणारं डूडल.

हा डॉक्टर म्हणजे इग्नाझ सेमेलवाइस. १८४७ साली २० मार्चलाच ते व्हिएन्नाच्या सरकारी दवाखान्यात बाळंतपणाच्या विभागाचे मुख्य निवासी डॉक्टर झाले होते. पेशंटला हात लावण्याआधी हात धुवा, एवढीच त्यांची मागणी होती. ती मान्य करून घेताना त्यांची नोकरी गेली, मित्र दुरावले आणि शेवटी मनोरुग्णालयात त्यांचा जीव गेला.

पण ही गोष्ट फक्त हात धुण्याची नाही. दवाखान्यात आलेला माणूस दवाखान्यामुळेच दगावला तर जबाबदारी कुणाची, हा प्रश्न त्यांनी विचारला होता. तो व्यवस्थेला पचला नाही.

कायदा सोडून डॉक्टरकी

सेमेलवाइस यांचा जन्म १ जुलै १८१८ चा, बुडा शहरातला. बुडा आणि पेस्ट ही तेव्हा दोन वेगळी शहरं होती, आज दोन्ही मिळून हंगेरीची राजधानी बुडापेस्ट होते. वडील किराणा मालाचे व्यापारी. घरात दहा मुलं, त्यातले हे पाचवे.

१८३७ साली कायदा शिकायला ते व्हिएन्नाला आले. पण वर्षभरातच कायदा सुटला आणि वैद्यकीय शिक्षण सुरू झालं. १८४४ मध्ये ते डॉक्टर झाले, प्रसूतीशास्त्राकडे वळले आणि १८४६ च्या जुलैमध्ये प्राध्यापक योहान क्लाईन यांचे सहायक म्हणून रुजू झाले. दवाखाना होता व्हिएन्ना जनरल हॉस्पिटल, त्या काळातल्या युरोपातल्या सगळ्यात मोठ्या दवाखान्यांपैकी एक. इथे बाळंतपण फुकट व्हायचं. बदल्यात बायकांनी शिकाऊ विद्यार्थ्यांना तपासू द्यायचं. साहजिकच येणाऱ्या बहुतेक बायका गरीब असायच्या.

एकच दवाखाना, दोन विभाग आणि मरणाचा फरक

बाळंतपणाचे दोन विभाग होते. पहिल्या विभागात वैद्यकीय विद्यार्थी शिकायचे, दुसऱ्यात सुईणी. आलेली बाई कोणत्या विभागात जाणार हे वारावर ठरायचं. आज या विभागाचा दिवस, उद्या त्या.

दोन्हीकडे एकच आजार बायकांचा जीव घेत होता, बाळंतज्वर. बाळंतपण सुखरूप व्हायचं, मग एक-दोन दिवसांत थंडी वाजून ताप भरायचा, पोट फुगायचं, असह्य वेदना व्हायच्या आणि काही दिवसांत बाई जायची. अनेकदा मागोमाग बाळही.

आता आकडे बघा. १८४१ ते १८४६ या सहा वर्षांत पहिल्या विभागात २०,०४२ बाळंतपणं झाली आणि १,९८९ बायका दगावल्या, म्हणजे जवळपास १० टक्के. दुसऱ्या विभागात १७,७९१ बाळंतपणं आणि ६९१ मृत्यू, म्हणजे ४ टक्क्यांहून कमी.

शिकलेल्या डॉक्टरांच्या हातून दहातली एक बाई जात होती. सुईणींच्या हातून त्याच्या निम्म्याहून कमी.

ही गोष्ट शहराला माहीत होती. पहिल्या विभागाचा वार आहे हे कळल्यावर कळा सोसत आलेल्या बायका गुडघे टेकून विनवायच्या, मला दुसरीकडे घ्या म्हणून. काही जणी वाटेतच, रस्त्याच्या कडेला बाळंत व्हायच्या आणि मग दवाखान्यात यायच्या. नवल म्हणजे रस्त्यावर बाळंत झालेल्या या बायकांना बाळंतज्वर कमी व्हायचा. जिथे ना खाट ना डॉक्टर, तिथे बाळंतपण जास्त सुरक्षित होतं. सेमेलवाइस यांना झोपू न देणारी गोष्ट हीच होती.

कारणं भरपूर, उत्तर एकही नाही

तेव्हाचे मोठे डॉक्टर याचं उत्तर हवेत शोधायचे. दूषित हवा आणि ऋतुमान यामुळे साथ येते, असं मानलं जायचं. सेमेलवाइस यांचा सवाल साधा होता. दोन्ही विभाग एकाच आवारात. हवा एक, ऋतू एक. मग हवा पहिल्याच विभागातल्या बायकांना कशी निवडते?

त्यांनी एकेक कारण तपासून बाजूला टाकायला सुरुवात केली. गर्दीमुळे होतं का? पण लोक पहिला विभाग टाळायचे, म्हणून गर्दी दुसऱ्यात जास्त. बाळंत होताना कसं निजवतात यामुळे होतं का? दुसऱ्या विभागात बायकांना कुशीवर निजवायचे, मग पहिल्यातही तसंच केलं. फरक नाही. शेवटचा विधी करायला येणारे पाद्री घंटा वाजवत पहिल्या विभागातल्या खोल्यांमधून जायचे, त्या भीतीने बायका खचतात का? त्यांनी पाद्रींना घंटा न वाजवता दुसऱ्या वाटेने यायला लावलं. तरी मृत्यू थांबले नाहीत.

सरकारने नेमलेल्या समितीनेही कारण शोधलं. तिने ठपका ठेवला विद्यार्थ्यांवर, त्यातही परदेशी विद्यार्थ्यांवर. ते बायकांना दांडगाईने तपासतात म्हणे. विद्यार्थी ४२ वरून २० वर आणले, परदेशी जवळपास सगळे काढले. मृत्यू थोडे दिवस कमी झाले आणि पुन्हा वाढले. दोषी माणसं शोधली, पण काम करायची पद्धत कुणी तपासली नाही.

मित्राच्या मरणाने कोडं सुटलं

१८४७ च्या मार्चमध्ये सेमेलवाइस थोडी विश्रांती म्हणून व्हेनिसला जाऊन आले. परतल्यावर बातमी कळली, त्यांचे मित्र प्राध्यापक याकोब कोलेच्का गेले.

झालं असं होतं की शवविच्छेदन शिकवताना एका विद्यार्थ्याच्या हातातली सुरी चुकून कोलेच्का यांच्या बोटाला लागली. जखम छोटीशीच. पण त्यातून अंगभर विष भिनलं आणि ते दगावले. त्यांच्या शवविच्छेदनाचा अहवाल वाचताना सेमेलवाइस थबकले. आतल्या अवयवांची जी अवस्था लिहिली होती, ती त्यांनी शेकडो बाळंतिणींच्या शरीरात पाहिली होती.

मग सगळे धागे जुळले. वैद्यकीय विद्यार्थी आणि डॉक्टर सकाळी शवागारात प्रेतं चिरायचे आणि तिथून थेट बाळंतिणींना तपासायला यायचे. हात धुतले तर साध्या साबणाने, तेही वरवर. हाताला प्रेताचा वास दिवसभर असायचा. सुईणी शवविच्छेदन करत नव्हत्या. म्हणूनच त्यांच्या विभागात मृत्यू कमी होते.

कोलेच्कांच्या बोटात प्रेतातलं विष सुरीने गेलं, बाळंतिणींच्या पोटात ते डॉक्टरांच्या बोटांनी जात होतं. जंतूंमुळे आजार होतात हे तेव्हा सर्वमान्य नव्हतं, त्यामुळे सेमेलवाइस त्याला प्रेताचे कण म्हणायचे. नाव चुकलं असेल, वाट बरोबर होती.

पण या शोधाचा दुसरा अर्थ भयंकर होता. सेमेलवाइस स्वतः रोज सकाळी शवागारात जायचे. बाळंतज्वराचं कारण सापडावं म्हणून ते इतरांपेक्षा जास्त शवविच्छेदनं करायचे. म्हणजे ज्या आजाराचा ते शोध घेत होते, तो तेच वॉर्डात घेऊन येत होते. आपल्या हातून किती बायका गेल्या हे देवालाच माहीत, अशी कबुली त्यांनी पुढे आपल्या पुस्तकात दिली.

दारात ठेवलेलं भांडं

१८४७ च्या मे महिन्याच्या मध्यात त्यांनी नियम काढला. शवागारातून येणाऱ्या प्रत्येकाने क्लोरिनच्या पाण्याने हात धुतल्याशिवाय बाळंतिणीच्या खाटेजवळ जायचं नाही. साबणाने न जाणारा वास क्लोरिनने जातो, एवढाच त्यामागचा तर्क. क्लोरिनचं द्रावण महाग पडायला लागलं तेव्हा त्यांनी स्वस्तातली क्लोरिनयुक्त चुनखडी आणली. ही म्हणजे आपली ब्लीचिंग पावडर. पावसाळ्यात ग्रामपंचायत विहिरीत टाकते ती टीसीएल पावडर याच जातीची.

एप्रिल १८४७ मध्ये पहिल्या विभागात १८ टक्क्यांहून जास्त बाळंतिणी दगावल्या होत्या. जूनमध्ये हे प्रमाण साधारण २ टक्क्यांवर आलं, जुलैमध्ये १.२ टक्क्यांवर. १८४८ या पूर्ण वर्षात ३,५५६ बाळंतपणांमागे ४५ मृत्यू झाले. त्या वर्षी मार्च आणि ऑगस्टमध्ये एकही बाळंतीण गेली नाही.

मधेच एक धक्का बसला. ऑक्टोबर १८४७ मध्ये पहिल्या खाटेवर गर्भाशयाच्या कॅन्सरची एक बाई होती. तपासणीची फेरी तिच्यापासून सुरू व्हायची आणि तिला तपासल्यावर नुसत्या साबणाने हात धुऊन डॉक्टर पुढे जायचे. त्या रांगेत बाळंत झालेल्या १२ जणींपैकी ११ दगावल्या. म्हणजे धोका फक्त प्रेतातून येत नाही, जिवंत पेशंटच्या जखमेतूनही येतो. त्यानंतर नियम बदलला. आता प्रत्येक पेशंटनंतर क्लोरिनने हात धुवायचे. पुढच्याच महिन्यात गुडघ्यात सडलेली जखम असलेल्या बाईमुळे पुन्हा मृत्यू झाले, तेव्हा अशा पेशंटला वेगळं ठेवणं सुरू झालं.

आज दवाखान्यात जे संसर्ग नियंत्रण म्हणून शिकवलं जातं, त्याचा पाया इथे दिसतो. आधी धोका कुठून येतो ते शोधायचं, मग नियम सगळ्यांना सारखा लावायचा, त्यासाठी लागणारी सामग्री कामाच्या जागी ठेवायची आणि मृत्यू झाला तर नियम पुन्हा तपासायचा.

मग डॉक्टर चिडले का?

कारण हे मान्य करणं म्हणजे आजवरचे मृत्यू आपल्या हातून झाले हे मान्य करणं होतं. हवेला दोष दिला की कुणीच दोषी नसतं. हाताला दोष दिला की हात कुणाचा हा प्रश्न येतो.

हा भार किती जड होता हे जर्मनीतल्या कील शहरातले प्राध्यापक गुस्ताव्ह मायकेलिस यांच्याकडे बघून कळतं. त्यांनी सेमेलवाइस यांचं म्हणणं लगेच मानलं आणि क्लोरिन सुरू केलं. पण काही काळापूर्वी त्यांनी स्वतः तपासलेली त्यांची चुलत बहीण बाळंतज्वराने गेली होती. तो अपराध त्यांना सोसला नाही. ऑगस्ट १८४८ मध्ये त्यांनी रेल्वेखाली जीव दिला.

बाकीच्यांनी सोपा मार्ग घेतला, ऐकायचंच नाही. व्हिएन्नात सेमेलवाइस यांच्या जागी आलेल्या कार्ल ब्राउन यांनी बाळंतज्वराची ३० कारणं लिहिली. प्रेतातून होणारा संसर्ग त्यात २८ व्या क्रमांकावर होता.

पण दोष सगळा विरोधकांचा नव्हता. आपलं काम सेमेलवाइस यांनी स्वतः कित्येक वर्षं लिहूनच काढलं नाही. मित्र फर्डिनांड हेब्रा यांनी १८४७-४८ मध्ये त्याबद्दल लेख लिहिले, पण त्यातून लोकांचा समज झाला की मुद्दा फक्त प्रेतांचा आहे. मग जिथे शवविच्छेदन होत नव्हतं तिथले डॉक्टर म्हणाले, आमचा काय संबंध? शिवाय स्कॉटलंडमध्ये अलेक्झांडर गॉर्डन यांनी १७९५ मध्ये आणि अमेरिकेत ऑलिव्हर वेंडेल होम्स यांनी १८४३ मध्ये डॉक्टर आणि सुईणी हा आजार पसरवतात असं मांडलं होतं. त्यांनाही विरोधच झाला होता.

१८४९ मध्ये सेमेलवाइस यांची मुदत वाढवली नाही. १८५० मध्ये शिकवायची परवानगी मिळाली, पण खऱ्या पेशंटवर नाही, चामड्याच्या पुतळ्यावर. हा अपमान जिव्हारी लागला. जवळच्या मित्रांचाही निरोप न घेता त्यांनी व्हिएन्ना सोडलं.

स्वस्तातल्या धोब्याची गोष्ट

पेस्टमध्ये १८५१ साली त्यांनी सेंट रोखस हॉस्पिटलचा बाळंतपणाचा विभाग बिनपगारी घेतला. सहा वर्षांत ९३३ बाळंतपणं झाली आणि बाळंतज्वराने गेल्या फक्त आठ बायका. १८५५ मध्ये ते पेस्ट विद्यापीठात प्राध्यापक झाले. पण तिथल्या विभागात हात धुणं सुरू असूनही मृत्यू वाढायला लागले.

त्यांनी शोध घेतला तर कारण चादरीत निघालं. प्रशासनाने पैसे वाचवायला कपडे धुण्याचं कंत्राट सगळ्यात कमी दर देणाऱ्याला दिलं होतं. आधीच्या बाळंतिणीच्या रक्ताचे आणि स्रावाचे डाग तसेच असलेल्या चादरी पुढच्या बाळंतिणीखाली अंथरल्या जात होत्या. सेमेलवाइस प्रशासनाशी भांडले आणि स्वच्छ चादरी मिळवल्या.

त्यांच्या आयुष्यातला हा प्रसंग फार सांगितला जात नाही, पण आजच्या दवाखान्यांना सगळ्यात जवळचा तोच आहे. डॉक्टर आणि नर्सने कितीही वेळा हात धुतले तरी वर बसून कंत्राटं देणाऱ्याने तिथे पैसे वाचवले, तर पेशंटच्या जिवाची किंमत मोजली जाते. सुरक्षेची जबाबदारी खाटेजवळ उभ्या असलेल्या माणसावर संपत नाही.

शेवट

१८५७ मध्ये त्यांचं मारिया वायडेनहोफर यांच्याशी लग्न झालं, पाच मुलं झाली. त्यांचं मोठं पुस्तक १८६१ सालचं. त्यावर कडक टीका झाली. मग त्यांचा तोल सुटला. युरोपातल्या नामवंत प्राध्यापकांना त्यांनी जाहीर पत्रं लिहिली आणि त्यात त्यांना सरळ खुनी ठरवलं. जे थोडे लोक ऐकायला तयार होते तेही यामुळे लांब गेले.

१८६५ पर्यंत त्यांचं वागणं घरच्यांनाही झेपेना. कुणी म्हणतं तो मेंदूचा आजार होता, कुणी सिफिलिस, कुणी वर्षानुवर्षांचा ताण. त्या जुलैच्या अखेरीस नवा दवाखाना दाखवतो असं सांगून हेब्रा त्यांना व्हिएन्नाच्या मनोरुग्णालयात घेऊन गेले. हे लक्षात आल्यावर सेमेलवाइस यांनी निसटायचा प्रयत्न केला. रखवालदारांनी त्यांना बेदम मारलं, हात बांधणारा अंगरखा घातला आणि अंधाऱ्या खोलीत कोंडलं.

दोन आठवड्यांनी, १३ ऑगस्ट १८६५ ला, वयाच्या ४७ व्या वर्षी ते गेले. उजव्या हाताची जखम चिघळली होती आणि विष अंगात भिनलं होतं. कोलेच्का ज्या प्रकारे गेले, बाळंतिणी ज्या प्रकारे जात होत्या, तसंच मरण. तेही जिथे माणसाची काळजी घ्यायची त्याच जागी.

योगायोग असा की एकच दिवस आधी, १२ ऑगस्ट १८६५ ला, ग्लासगोमध्ये जोसेफ लिस्टर यांनी एका मुलाच्या मोडलेल्या पायाच्या जखमेवर कार्बोलिक ॲसिड वापरलं होतं. तिथून जंतुनाशक शस्त्रक्रियेचं युग सुरू झालं. १८७९ मध्ये लुई पाश्चर यांनी बाळंतज्वराचा जंतूच दाखवला आणि सेमेलवाइस यांच्या म्हणण्याला आधार मिळाला.

माणूस गेला की नियमही गेला

सेमेलवाइस यांच्यानंतर पेस्टच्या विभागात नवे प्रमुख आले आणि बाळंतिणींचे मृत्यू साधारण सहा टक्क्यांवर पोचले. कुणी चौकशी केली नाही, कुणी ओरडलं नाही. सगळी सुरक्षितता एका माणसाच्या आग्रहावर टिकून होती. आग्रह करणारा गेला आणि सुरक्षितताही गेली.

पुढे मान मिळाला. बुडापेस्टमधलं त्यांचं जन्मघर आज वैद्यकीय इतिहासाचं संग्रहालय आहे आणि तिथल्या वैद्यकीय विद्यापीठाला १९६९ पासून त्यांचं नाव आहे. ५ मे हा दिवस जागतिक आरोग्य संघटना हात स्वच्छतेसाठी पाळते. दवाखान्यातल्या कर्मचाऱ्यांनी नेमके कधी हात धुवायचे, याचे पाच क्षण तिने ठरवून दिलेत. पेशंटला हात लावण्याआधी आणि नंतर हे त्यातले दोन.

भारतात २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार सुया आणि पाती भोसकली न जाणाऱ्या पांढऱ्या डब्यात टाकायची असतात आणि कर्मचाऱ्यांना हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस देणं दवाखान्याचं काम असतं. कोलेच्कांच्या बोटाला लागलेली सुरी आठवली की हा नियम कुणासाठी आहे ते कळतं. पेशंट आणि त्याची काळजी घेणारा, दोघांचा धोका एकाच वाटेने येतो.

तालुक्याचं ग्रामीण रुग्णालय असो, शहरातलं नर्सिंग होम की वृद्धाश्रम, तिथे गेलात तर भिंतीवर हात धुण्याच्या पायऱ्यांचं पोस्टर बहुतेक दिसेल. पोस्टर लावणं सोपं असतं. त्याखालच्या नळाला पाणी आहे का, साबण आहे का, खाटेवरची चादर आज बदलली का आणि हे बघायची ड्युटी कुणाची, हे प्रश्न सेमेलवाइस पावणेदोनशे वर्षांपूर्वी विचारत होते. बाळंतिणीच्या उशाशी बसलेल्या आईने आज तेच प्रश्न विचारले, तर तिला आगाऊ ठरवायचं काही कारण नाही.